पाटी लावा, पावती द्या, मग फी मागा!



पावसाळ्याच्या तोंडाची गोष्ट. नव्या मुंबईंत एका कचेरीबाहेर, झाडाखालीं छत्री बांधून मांडलेल्या टेबलाशीं एक आगरी म्हातारी उभी होती. हातांत प्लॅस्टिकची पिशवी. पिशवींत सातबारा, आधार कार्ड आणि मयत नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. सातबाऱ्यावर नवऱ्याचें नांव एका तऱ्हेनें लिहिलेलें, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेनें. दोन्ही नांवांचा माणूस एकच, एवढेंच तिला शपथेवर लिहून द्यावयाचें होतें. टेबलावरच्या पोऱ्यानें कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, “आजी, आठशें होतील. आजच पाहिजे तर हजार.” म्हातारीनें विचारलें, “बाला, येवढे कशाचे रे?” पोऱ्या म्हणाला, “साहेबांच्या शिक्क्याचे.” म्हातारीनें पदराची गांठ सोडली आणि घामानें ओल्या झालेल्या नोटा मोजून दिल्या. साहेबांनीं मान वर न करतां शिक्का मारला. म्हातारीला नांव विचारलें नाहीं, शपथ दिली नाहीं, पावतीहि दिली नाहीं. त्या कचेरीचें आणि त्या साहेबांचें नांव आम्ही येथें छापीत नाहीं. कारण हें एका टेबलाचें दुखणें नव्हे. हा रोग गांवोगांवच्या कचेऱ्यांच्या दारांत पसरलेला आहे.

ज्या शिक्क्यासाठीं त्या म्हातारीनें आठशें रुपये मोजले, त्याची किंमत कायद्यानें बांधून दिलेली आहे, हें तिला ठाऊक नव्हतें. साहेबांना मात्र पक्कें ठाऊक होतें. ज्याला ठाऊक नाहीं त्यानें पैसे भरावे आणि ज्याला ठाऊक आहे त्यानें ते खिशांत घालावे, ह्या व्यवहाराला आमच्या गांवीं जें नांव आहे तें छापण्याजोगें नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें एकदां नीट समजून घ्या. नोटरी हा आपल्या मर्जीनें दुकान मांडून बसलेला व्यापारी नव्हे. त्याची नेमणूक केंद्र सरकार किंवा राज्य सरकार करतें. ही नेमणूक १९५२ सालच्या नोटरी कायद्याखालीं होते. त्या कायद्याचे नियम १९५६ सालीं झाले, आणि त्यांतील दहाव्या नियमांत नोटरीनें कोणत्या कामाला जास्तींत जास्त किती फी घ्यावी ह्याचा तक्ताच दिलेला आहे. शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेणें, दस्तऐवजावरची सही साक्षांकित करणें, नक्कल मुळाबरहुकूम असल्याचा दाखला देणें, भाषांतर करणें, अशा प्रत्येक कामाचा दर निराळा आहे. ह्या तक्त्यांत प्रतिज्ञापत्राचा दर वर्षानुवर्षें ३५ रुपये होता, आणि नकलेच्या दाखल्याचा दर पानास ५ रुपये व कमींत कमी १० रुपये होता. सरकार हे आंकडे वेळोवेळीं बदलूं शकतें, म्हणून आजचा आंकडा नियमांच्या चालू प्रतींतच पहावा. पण आंकडा कोणताहि असो, तो वरचा आंकडा आहे. त्याच्या खालीं घ्यावयास नोटरी मोकळा आहे; वर एक पैसाहि घेण्याचा त्याला अधिकार नाहीं.

त्याच दहाव्या नियमांत पुढें एक ओळ आहे, ती प्रत्येक शेतकऱ्यानें घराच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेवावी. नोटरीनें आपल्या फीचा दर आपल्या जागेच्या आंत आणि बाहेरहि, सहज दिसेल अशा ठिकाणीं लावला पाहिजे. आंत आणि बाहेरहि! कायदा करणाराला ठाऊक होतें कीं, आंत गेलेला गरीब माणूस भिडेनें विचारीत नाहीं. म्हणून त्यानें दाराबाहेरच पाटी लावण्यास सांगितलें. अकराव्या नियमांत आणखी सांगितलें आहे कीं, घेतलेल्या प्रत्येक फीची पावती नोटरीनें दिली पाहिजे, आणि सर्व फीची नोंदवही ठेविली पाहिजे.

बेलापूर, वाशी, पनवेल, उरण, कोठेंहि फिरा. कचेऱ्यांच्या व न्यायालयांच्या बाहेर टेबलें मोजा, मग पाट्या मोजा. “येथें नोटरी करून मिळेल” अशी पाटी पावलोपावलीं दिसेल. “नोटरीचा दर अमुक” अशी पाटी किती ठिकाणीं दिसते, तें ज्यानें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहून ठरवावें. वडापाववाला भाव लिहून ठेवतो, न्हावी दाढीचा दर आरशाशेजारीं लावतो, मासळीवाली कोळीण वाटा दाखवून भाव सांगते. ज्याला कायद्यानेंच पाटी लावावयास सांगितलें आहे, तो एकटा मात्र माणसाच्या तोंडाकडे, अंगावरच्या कपड्याकडे आणि कामाच्या घाईकडे पाहून भाव ठरवितो!

ह्यांत एक हातचलाखी असते ती ओळखा. “सगळें मिळून पांचशें” असें सांगितलें जातें. त्या सगळ्यांत काय काय आलें? टायपिंग आलें, झेरॉक्स आली, तिकीट आलें, दलालाचा हिस्सा आला आणि साहेबांची फी आली. टायपिंग व झेरॉक्स ह्यांचे पैसे निराळे असतात, हें आम्हांस मान्य आहे. ज्यानें कागद टाइप केला त्याच्या घामाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. आम्ही कष्टकऱ्याच्या मजुरीचे वैरी नव्हे. पण मग हिशेब फोडून सांगा! टायपिंगचे किती, तिकिटाचे किती आणि शिक्क्याचे किती? बाजारांत आपण एक किलो कांदे घेतले तरी हिशेब विचारतों. कचेरीच्या दारांत आलों कीं आपली जीभ टाळूला कां चिकटते?

ह्या प्रश्नाचें उत्तर जुनें आहे, आणि तें आपल्या पाठीवरच लिहिलेलें आहे. ज्याच्या हातांत लेखणी, त्याच्या हातांत शेतकऱ्याची मान, हा ह्या देशाचा शेंकडों वर्षांचा रिवाज. कुळकर्णी लिही आणि पाटलापासून महारापर्यंत सर्वांनीं तें खरें मानावें. सावकार खत लिही आणि कुणब्यानें अंगठा उठवावा. खतांत काय आहे हें कुणब्याला कळूं नये, हेंच सावकाराचें खरें भांडवल होतें. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांचा संयम सुटला. त्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या हिसकावून जाळल्या, आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. त्यांचा राग माणसांपेक्षां कागदावर होता, हें ध्यानांत घ्या. इंग्रज सरकारला जाग आली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा झाला. त्यांत दोन गोष्टी होत्या. शेतकऱ्याचें खत गांवच्या निबंधकापुढें लिहिलें जावें, ही एक. शेतकऱ्यानें फेडीचा पैसा दिला कीं, त्यानें मागो वा न मागो, घेणारानें लेखी पावती दिलीच पाहिजे, ही दुसरी. मागो वा न मागो! परकी सरकारला १८७९ सालीं जें कळलें, तें आमच्या स्वतःच्या राज्यांत टेबलावर बसलेल्या शिकलेल्या साहेबाला आजहि कळूं नये काय?

महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो ह्याच रोगावर. धर्माच्या मिषानें भट, कर्जाच्या मिषानें सावकार आणि सरकारी कागदाच्या मिषानें कामगार असे तिघे मिळून अडाणी शेतकऱ्याला कसे नागवितात, हें त्यांनीं उघडें करून दाखविलें. आज भटाचा मंत्र पुष्कळांच्या घरांतून हद्दपार झाला. पण मंत्राची जागा शिक्क्यानें घेतली. मंत्र कळत नसे म्हणून आपण दक्षिणा देत होतों. शिक्का कळत नाहीं म्हणून आपण फी देतों. फरक एवढाच कीं, भटाला दक्षिणेची मर्यादा कोणीं घालून दिली नव्हती. ह्याला मर्यादा घातलेली आहे, आणि ती झांकून ठेवूनच हा धंदा चालला आहे.

नव्या मुंबईच्या भूमिपुत्राला हा कागदांचा जांच इतरांपेक्षां अधिक कां, तेंहि सांगितलें पाहिजे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. भातशेती गेली, मिठागरें गेलीं, खाडीवरचा हक्क गेला. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील ह्यांच्या पुढारपणाखालीं शेतकरी उठले, आणि १९८४ च्या जानेवारींत जासई भागांत झालेल्या गोळीबारांत पांच जणांनीं प्राण दिले. त्या रक्तावर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना उभी राहिली. जमीन गेली, पण जमिनीच्या बदल्यांत कागद आले! वारसाचा कागद, नांवांतल्या फरकाचा कागद, हरकत नसल्याचा कागद, भाऊबहिणींच्या संमतीचा कागद. पुढें विमानतळासाठीं दहा गांवें उठलीं, तेव्हां पुन्हां तोच फेरा. ज्या शेतकऱ्याच्या बापानें आयुष्यांत एकदांच तलाठ्याचें तोंड पाहिलें, त्याच्या मुलाला वर्षांतून दहा वेळां टेबलापुढें उभें रहावें लागतें. आणि प्रत्येक टेबलावर शिक्क्याचा भाव निराळा! हुतात्म्यांनीं छातीवर गोळ्या झेलून जें मिळविलें, तें असें पांचशें पांचशें करून कचेरीच्या दारांत झिरपून जावें काय?

नोटरीमंडळींचें म्हणणें आम्ही ऐकलेलें आहे; तें दडवून ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. ते म्हणतात कीं, सरकारनें ठरविलेला दर फार थोडा आहे, त्यांत जागेचें भाडें सुटत नाहीं, वह्यांचा खर्च निघत नाहीं, दिवसभर उन्हांत बसावें लागतें. ह्यांत कांहीं तथ्य असेलहि. महागाई काय ती शेतकऱ्यालाच कळते आणि वकिलाला कळत नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. पण दर थोडा वाटत असेल तर त्याचा रस्ता सरळ आहे. सर्व नोटरींनीं एकत्र येऊन सरकारकडे अर्ज करावा, दर वाढवून मागावा आणि वाढलेला दर पाटीवर लिहावा. मागणी वाजवी असेल तर आम्हीहि त्यांच्या बाजूनें लिहूं. गिरणी कामगाराला पगार कमी पडला तर तो संप करतो, मोर्चा काढतो. मालकाच्या तिजोरींत हात घालीत नाहीं. घातला तर त्याला चोर म्हणतात. मग कायद्यानें बांधलेला दर कमी वाटतो म्हणून जो परस्पर दहापट घेतो, त्याला काय म्हणावें? आणि तो घेतो तरी कोणापासून? मोठ्या बिल्डरापासून नव्हे. त्याचे वकील दर जाणतात. जिला दर ठाऊक नाहीं त्या म्हातारीपासून घेतो. म्हणजे अडाणीपणावर बसविलेला हा करच झाला.

आतां दुसरी गोष्ट, पहिलीपेक्षांहि महत्त्वाची. पुष्कळ कामांना नोटरी लागतच नाहीं! ९ मार्च २०१५ रोजीं महाराष्ट्र सरकारनें निर्णय काढला कीं, शासकीय कामासाठीं जेथें कायद्यानेंच प्रतिज्ञापत्र आवश्यक केलेलें नाहीं, तेथें साध्या कागदावर अर्जदाराचें स्वयंघोषणापत्र घ्यावें. आणि नकलांवर दुसऱ्याचा शिक्का न मागतां अर्जदारानें स्वतः सही करून त्या द्याव्या. ह्याचा अर्थ असा कीं, सरकारनें तुमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचें कबूल केलें आहे. खोटें लिहिलें तर शिक्षा आहेच. तरीहि खिडकीवरचा कारकून सवयीनें “अफिडेव्हिट आणा” म्हणतो, आणि आपण सवयीनें टेबलाकडे वळतों. त्याच वेळीं कारकुनाला नम्रपणें विचारा, “साहेब, कोणत्या कायद्यानें लागतें? तेवढें ह्या अर्जावर लिहून द्या.” लिहून देण्याची वेळ आली कीं पुष्कळ वेळां स्वयंघोषणापत्र चालूं लागतें.

स्टँप पेपरचीहि तीच कथा. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढण्यासाठीं सरकारी कचेऱ्यांत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य सरकारनें २००४ सालींच माफ केलें. २०२४ च्या ऑक्टोबरांत शंभर रुपयांच्या मुद्रांकाची जागा पांचशेंनीं घेतली, तेव्हां शाळाकॉलेजांत जाणाऱ्या पोरांच्या आईबापांकडूनहि पांचशेंचा कागद मागूं लागले. शेवटीं २०२५ सालीं महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे ह्यांना ही माफी पुन्हां जाहीर करावी लागली. वीस वर्षांपूर्वीं दिलेली सूट वीस वर्षांनीं पुन्हां सांगावी लागते, ह्यावरून मधल्या काळांत ती कोणीं गिळली असेल ह्याचा अंदाज वाचकांनींच करावा. १८७३ सालीं सत्यशोधक समाजानें भटाशिवाय लग्नें लावून दाखविलीं, आणि त्या नवराबायकोंचे संसार कांहीं मोडले नाहींत. तसेंच जेथें शिक्का लागत नाहीं तेथें शिक्क्याशिवाय काम करून घ्या. आभाळ कोसळणार नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. नोटरीचा शिक्का काय करूं शकत नाहीं, हें जाणून घ्या. नव्या मुंबईच्या गांवठाणांत आणि आजूबाजूच्या इमारतींत कारागीर, मजूर, हातावर पोट असलेलीं कुटुंबें खोल्या घेतात. दलाल सांगतो, “नोटरी करून देतों, खोली तुमच्या नांवावर.” साफ खोटें! शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीचें घर वा जमीन विकत घ्यावयाची तर नोंदणी झालेलें खरेदीखतच लागतें. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा हेंच सांगतात. मुखत्यारपत्रावर आणि साध्या करारावर घराची मालकी मिळत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं सुरज लॅम्पच्या खटल्यांत निक्षून सांगितलें. नोटरीचा शिक्का एवढेंच सांगतो कीं, अमक्या माणसानें माझ्यासमोर सही केली. विकणाऱ्याचा हक्क होता कीं नव्हता, इमारत कायदेशीर कीं बेकायदेशीर, हें तो शिक्का सांगत नाहीं. जन्माची कमाई त्या गोल शिक्क्यावर ठेवाल तर बुलडोझर आल्यावर तो शिक्का आडवा पडणार नाहीं. भाड्याच्या गाळ्याचेंहि तसेंच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाडेकरार लेखी व नोंदलेला असला पाहिजे. एखादा कुंभार किंवा शिंपी आपला गाळा “नोटरी केला आहे” म्हणून निश्चिंत झोपतो, त्यानें जागें व्हावें. अशा कागदांसाठीं मागतील ती फी भरणें म्हणजे पैसे देऊन फसगत विकत घेणें होय.

आतां जें लिहितों तें आमच्याच घरांतल्यांना झोंबेल; पण सत्यशोधनाची सुरुवात आपल्या घरापासूनच झाली पाहिजे. एक काळ असा होता कीं, टेबलापलीकडे एकाच जातीचा माणूस बसे आणि अलीकडे आपण सर्व उभे असूं. तो काळ पालटला. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें खालसा केलीं. बोर्डिंगें काढून शेतकऱ्याच्या पोराला वकील होण्याची वाट मोकळी करून दिली. नोटरीच्या नियमांतहि सामान्य वकिलाला दहा वर्षांचा अनुभव लागतो, तेथें अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया ह्यांना सात वर्षांचा अनुभव पुरतो. ही सवलत चळवळीनें घाम गाळून मिळविली. म्हणून आज टेबलापलीकडे पुष्कळ ठिकाणीं आमचाच पोरगा, आमचीच लेक बसलेली आहे. त्यांना पाहून आमची छाती फुगते. पण आमच्याच पोरानें आमच्याच म्हातारीकडून आठशें रुपये घ्यावे आणि पावती देऊं नये, तर मग कुळकर्ण्याला घालवून आम्हीं काय मिळविलें? खुर्चीवरची जात बदलली आणि खुर्चीची रीत तीच राहिली! आमचें भांडण जातींत जन्मलेल्या माणसाशीं कधींच नव्हतें. दुसऱ्याच्या अज्ञानावर पोट भरण्याच्या वृत्तीशीं तें होतें. ती वृत्ती जानव्यांत असो कीं काळ्या कोटांत, परक्याच्या घरांत असो कीं आपल्या, तिला आमचा असूड सारखाच. जे नोटरी आजहि नियमानें फी घेतात, शपथ समजावून सांगतात आणि गरिबाचें काम फुकटहि करून देतात, त्यांना आमचा रामराम. पाटी लागली तर त्यांचीच अब्रू वाढेल.

सरकारलाहि आम्ही सोडणार नाहीं. ह्या कायद्याच्या १३ व्या कलमांत नोटरीभोंवतीं एक कुंपण घातलेलें आहे. नोटरीनें आपल्या कामांत केलेल्या अपराधाची दखल न्यायालय तेव्हांच घेऊं शकतें, जेव्हां सरकारनें अधिकार दिलेला अधिकारी लेखी फिर्याद करील. म्हणजे म्हातारी सरळ न्यायालयांत जाऊं शकत नाहीं. किल्ली सरकारच्या कमरेला. ठीक आहे, पण किल्ली कमरेला लावणारानें कुलूप उघडण्याची जबाबदारीहि घेतली पाहिजे. नोटरीच्या गैरवर्तनाची चौकशी, तक्रार आली तर तक्रारीवरून आणि न आली तर आपण होऊनहि, करण्याचा अधिकार सरकारला तेराव्या नियमानें दिलेला आहे. आणि दोषी ठरलेल्याचें नांव नोंदवहींतून काढून टाकण्याचा अधिकार दहाव्या कलमानें दिलेला आहे. सरकारनें नुसता एक शिपाई कचेऱ्यांच्या बाहेर पाठवून पाट्या आहेत कीं नाहींत एवढें पहावें. त्याला कोणती समिती पाहिजे? कोणता आयोग पाहिजे? डोळे असले म्हणजे पुरे.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. पहिली: प्रत्येक नोटरीच्या टेबलावर व दारावर मराठींत, म्हातारीलाहि वाचतां येईल किंवा नातवाकडून वाचवून घेतां येईल एवढ्या ठळक अक्षरांत चालू दराची पाटी लागावी. दुसरी: पावती दिल्याशिवाय फी घेऊं नये. तिसरी: तहसील कचेरी, सिडको, महानगरपालिका, न्यायालय ह्यांच्या दारांतच सरकारनें स्वतः दराचा तक्ता लावावा, आणि कोणत्या कामाला प्रतिज्ञापत्र लागतच नाहीं ह्याचीहि यादी त्याखालीं लिहावी. चौथी: पाटी नसलेल्या नोटरीची चौकशी सरकारनें आपण होऊन करावी, गरिबाच्या तक्रारीची वाट पाहूं नये.

पण मागण्या करून हात जोडून बसणें हा आपला धर्म नव्हे. उद्यांपासून प्रत्येकानें एवढें करावें. टेबलापाशीं जातांना एकट्यानें जाऊं नये. शिकलेल्या पोराला किंवा शेजारणीला बरोबर घ्यावें. आधीं विचारावें, “हें काम स्वयंघोषणापत्रावर होतें काय?” मग विचारावें, “दराची पाटी कोठें आहे?” मग सांगावें, “टायपिंगचे निराळे, शिक्क्याचे निराळे, आणि शिक्क्याची पावती द्या.” पावती नाकारली तर भांडूं नये, हात उचलूं नये. नोटरीचा शिक्का पहावा. त्यावर त्याचें नांव, त्याचा नोंदणी क्रमांक आणि त्याला नेमणाऱ्या सरकारचें नांव असतें. तें उतरून घ्यावें आणि तेराव्या नियमाखालच्या ठराविक नमुन्यांत तक्रार करावी. राज्य सरकारनें नेमलेला असेल तर ती राज्याच्या विधि व न्याय विभागाकडे, आणि केंद्रानें नेमलेला असेल तर दिल्लीच्या विधि मंत्रालयाकडे पाठवावी. गांवच्या भजनी मंडळानें, बचतगटानें, तालमीनें महिन्यांतून एक संध्याकाळ ह्या कामाला द्यावी. ज्याला लिहितां येतें त्यानें दुसऱ्याची तक्रार लिहून द्यावी, आणि लिहून देण्याचे पैसे घेऊं नयेत. नाहींतर उद्यां त्याच्याहि टेबलावर छत्री उभी राहील!

कोणी म्हणेल, “चारपांचशें रुपयांसाठीं एवढा आटापिटा कशाला?” त्याला आमचें उत्तर असें: चारपांचशें रुपये म्हणजे मजुराचा एक दिवसाचा घाम आहे. तो दिवस त्यानें उन्हांत काढला आहे. कचेरींत जाण्यासाठीं बुडविलेला दिवस निराळाच. पण प्रश्न नुसत्या रुपयांचाहि नाहीं. “कशाचे रे?” असें त्या म्हातारीनें विचारलें होतें, हें विसरूं नका. तिनें प्रश्न बरोबर विचारला. उत्तर मात्र खोटें मिळालें, आणि भोंवतीं उभे असलेले आपण सर्व शिकलेले लोक गप्प राहिलों. त्यांत हें लिहिणाराहि होता. पुढच्या वेळीं ती म्हातारी विचारील तेव्हां तिच्या बाजूला उभे राहून दहा तोंडांनीं तोच प्रश्न विचारा. पाटी आपोआप वर चढेल, आणि पावतीपुस्तक खणांतून आपोआप बाहेर येईल.